आपला शब्द एका शब्दात सांगू नका



दशलक्षण जवळ आलं की घराघरात एक प्रश्न ऐकू येतो, "ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" आपल्या परभणी, जिंतूर, सेलू, मानवतकडची लेकरंसुद्धा आता इंग्रजी माध्यमात शिकतात. पाठशाळेत संवर-निर्जरा शिकून येतात आणि घरी आल्यावर आईला इंग्रजी शब्द विचारतात. मोठी झालेली मुलं पुण्याला, बंगळुरूला नोकरीत असतात, काही परदेशात. तिथे रूममेट विचारतो, ऑफिसातली मैत्रीण विचारते, मग ती आपल्याला फोन लावतात. आणि आपण हातातलं लाटणं न ठेवता एक शब्द देऊन मोकळ्या होतो. उपवास म्हणजे फास्टिंग. क्षमा म्हणजे सॉरी. अहिंसा म्हणजे नॉनव्हायोलन्स. सल्लेखना म्हटलं की मात्र बऱ्याच जणी अडतात.

माझं मत असं आहे की आपल्या धर्माचा शब्द कुणालाही इंग्रजीत एका शब्दात सांगू नये. आपला शब्द आहे तसा ठेवावा आणि त्याचा अर्थ दोन-तीन सोप्या वाक्यांत सांगावा. ती वाक्यं इंग्रजीत असली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते शब्दाला शब्द लावून मोकळं झाल्यामुळे.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार कशाला, असं काही जणींना वाटेल. पण 2015 साली अशाच एका शब्दावरून आपल्या घरातल्या सेवा करणाऱ्या सुना-लेकींवर गुन्हा दाखल होण्याची वेळ येऊन ठेपली होती. ती गोष्ट पुढे सांगते. आधी स्वयंपाकघरापासून सुरुवात करू.

पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण सगळ्याच बघतो. तो दिसला की निर्धास्त होऊन पाकीट पिशवीत टाकतो. पण तो ठिपका 'व्हेजिटेरियन' ह्या इंग्रजी शब्दाचा आहे, आपल्या आहाराचा नाही. सरकारी नियमात ह्या शब्दाची व्याख्या उलट बाजूने केली आहे. प्राणी, पक्षी, मासे, अंडी आणि प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ ज्यात आहेत ते मांसाहारी, आणि बाकी सगळं शाकाहारी. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध ह्यांना त्यातून सूट आहे. म्हणून मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो. आपल्याकडे श्रावकाच्या आठ मूलगुणांत मद्य, मांस आणि मधु ह्या तिघांचा त्याग पहिल्याच पायरीवर सांगितला आहे. जे आपण पहिल्या पायरीवर सोडतो ते त्या शब्दात आरामात बसतं. बटाट्याच्या वेफर्सवर हिरवा ठिपका, लसणाच्या चटणीवर हिरवा ठिपका. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. त्या शब्दाला कंदमुळाशी काही देणंघेणंच नाही.

म्हणून मुलगी वसतिगृहाचा फॉर्म भरताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिते आणि पहिल्याच दिवशी तिच्या ताटात आलूची भाजी येते. हल्ली मैत्रिणी तिला 'व्हीगन हो' असाही सल्ला देतात. व्हीगन लोक मध खात नाहीत हे खरं, पण दूध-तूपही खात नाहीत, आणि बटाटा-कांदा खुशाल खातात. म्हणजे तोही शब्द आपल्याला लागू पडत नाही. ही अडचण विमान कंपन्यांच्या बरोबर लक्षात आली. त्यांनी साध्या शाकाहारी जेवणाशिवाय 'जैन मील' असा वेगळा प्रकारच ठेवला. आपला शब्द त्यांनी तसाच घेतला आणि स्वयंपाक्याला त्यात काय चालतं, काय चालत नाही ते समजावून दिलं. मला हाच मार्ग योग्य वाटतो. परक्या कंपनीला जे जमलं ते आपल्याला न जमायला काय झालं?

औषधाचंही असंच. कॅप्सूलचं वरचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. औषधाच्या दुकानात 'व्हेज आहे ना?' एवढंच विचारलं तर समोरचा मान हलवतो. 'आवरण जिलेटिनचं आहे की वनस्पतीपासून केलेलं?' असं नेमकं विचारलं तर तो डबी उचलून वाचतो. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर तेच औषध गोळीच्या रूपात मिळतं का ते बघतात. मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका, विचारून बदलून घ्या.

आता उपवास. हा शब्द तर मराठीतच दोन तऱ्हेचा आहे. शेजारच्या काकूंचा एकादशीचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. आपला उपवास म्हणजे चारही प्रकारच्या आहाराचा त्याग. आपलं एकासनही त्यांना उपवासच वाटतो. त्यात दवाखान्याचं 'फास्टिंग' येऊन मिसळलं की गोंधळ पुरा होतो. रक्त तपासणारा मुलगा विचारतो, "काकू, फास्टिंग आहे ना?" त्याला हवं असतं आठ-दहा तासांचं रिकामं पोट, पाणी प्यायलेलं त्याला चालतं. पर्वातल्या आपल्या बाईने कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नसतं. ती 'हो' म्हणते. दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांच्या मनात वेगळंच.

माझ्या सासूबाईंना साखरेचा त्रास आहे. पर्वाच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे नेते तेव्हा मी 'त्या फास्टिंग करणार आहेत' असं म्हणत नाही. "इतके दिवस एकासन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, तेही दुपारी, त्याच वेळी पाणी. सूर्यास्तानंतर काहीच नाही," असं तासांसकट सांगते. मग डॉक्टर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा त्याप्रमाणे ठरवतात, आणि कधी 'ह्या वर्षी नको' असंही स्पष्ट सांगतात. नुसत्या 'फास्टिंग' ह्या शब्दावर त्यांना काही ठरवता आलं नसतं.

क्षमावणीच्या दिवशी मोबाईलवर 'सॉरी' लिहिलेली फुलं फिरतात. इंग्रजीतलं सॉरी हे बोलणाऱ्याच्या मनाला वाटणाऱ्या खेदापुरतं असतं. धक्का लागला तरी सॉरी, फोन उचलला नाही तरी सॉरी. आपली क्षमा दोन्ही बाजूंची आहे, मागायचीही आणि द्यायचीही. शिवाय ती फक्त माणसांपुरती नाही, चुलीजवळ, जात्याजवळ, पाण्यात, भाजीत नकळत दुखावलेल्या जीवांपर्यंत जाते. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणजे माझ्या हातून झालेलं वाईट कृत्य निष्फळ होवो. ह्यात खेद आहे, पण पुढे तसं न वागण्याचा निश्चयही आहे. नातवाला हे सांगितलं तर तो भावंडाला नुसतं सॉरी म्हणून पळून जाणार नाही, अशी आशा तरी ठेवता येईल.

आपल्या जिंतूरच्या नेमगिरीवर बाहेरगावचे लोक येतात. डोंगरातल्या त्या गुहेसारख्या खोल्यांमधून वाकून आत जायचं आणि समोर नेमिनाथ भगवान, पार्श्वनाथ भगवान, बाहुबली. सोबतची कॉलेजची मुलं कधी इंग्रजीत कुजबुजतात, त्यात 'नेकेड' हा शब्द ऐकू येतो. इंग्रजीत त्या शब्दाला लाजेचा वास आहे. अंगावर कपडा असायला हवा होता आणि नाही, असं तो शब्द म्हणतो. 'दिगंबर' ह्या शब्दात उणीव नाही. दिशा हेच ज्याचं वस्त्र तो दिगंबर. वस्त्र जपायचं, धुवायचं, त्याच्यासाठी पेटी ठेवायची, पेटीला कुलूप लावायचं, ही सगळी साखळी ज्याने पहिल्या कडीपाशीच सोडली तो. अपरिग्रह समजावून सांगायला ह्याहून चांगली जागा नाही. तिथेच मुलांना दोन मिनिटं थांबवून सांगा.

'तुमच्यात गॉड मानत नाहीत म्हणे, मग तुम्ही एथिइस्ट का?' हा प्रश्न मुलांना शाळेत हमखास येतो. इंग्रजीतल्या गॉड ह्या शब्दात जग निर्माण करणारा आणि चालवणारा असा अर्थ आहे. तसा कर्ता आपण मानत नाही. पण अरिहंत आहेत, सिद्ध आहेत, कर्म आहे, आत्मा आहे, मोक्ष आहे. 'एथिइस्ट' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं ही मंडळी काहीच मानत नाहीत. आणि 'धर्म' शब्दाची तर गंमतच. सहा द्रव्यं शिकवताना 'धर्म द्रव्य' येतं. मुलगा शब्दकोश उघडतो आणि वहीत 'रिलिजन' लिहून ठेवतो. तिथे धर्म म्हणजे जीव आणि पुद्गल ह्यांच्या हालचालीला मदत करणारं द्रव्य, माशाला पाणी असतं तसं. पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्याशिवाय मासा पोहू शकत नाही. ह्या एका उदाहरणाने जे कळतं ते कुठल्याही इंग्रजी शब्दाने कळत नाही.

ही अडचण आजची नाही. हेरमान याकोबी नावाच्या जर्मन पंडितांनी 1884 साली आचारांगसूत्राचा आणि कल्पसूत्राचा इंग्रजी अनुवाद छापला. आपला धर्म बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र आणि प्राचीन आहे, हे जगाला पटवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण त्याच अनुवादात साधूच्या भिक्षेविषयीच्या एका जागी मांस आणि मासा ह्या अर्थाच्या मूळ शब्दांना त्यांनी सरळ तेच इंग्रजी शब्द लावले. समाजात खळबळ उडाली. पुढे 14 फेब्रुवारी 1928 च्या पत्रात त्यांनीच पुण्याच्या एका जैन अभ्यासकाला खुलासा लिहून पाठवला. हाडं असलेलं मांस आणि काटे असलेला मासा हा त्या काळच्या संस्कृत ग्रंथांतला ठरलेला दृष्टांत होता, आणि ज्या वस्तूतला थोडाच भाग खाता येतो व पुष्कळसा टाकून द्यावा लागतो अशी वस्तू साधूने घेऊ नये, असा तिथला अर्थ आहे, असं त्यांनी मान्य केलं. एवढा मोठा पंडित, पण शब्दाला शब्द लावला आणि मधे 44 वर्षं गेली. तोवर ते पुस्तक जगभरच्या ग्रंथालयांत जाऊन बसलं होतं.

आपल्याच माणसांनी दुसरी वाट दाखवली होती. जे. एल. जैनी हे इंदूरला न्यायाधीश होते. त्यांनी 1918 साली आरा इथून जैन पारिभाषिक शब्दांचा एक इंग्रजी कोश काढला. त्यात शब्द आपला आणि त्याच्यापुढे इंग्रजीत समजावून सांगितलेला अर्थ. कायद्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दाची किंमत चांगलीच ठाऊक असणार.

आता 2015 ची गोष्ट.

सल्लेखना म्हणजे कायेला आणि कषायांना योग्य रीतीने हळूहळू कृश करत नेणं. क्रोध, मान, माया, लोभ कमी करायचे आणि त्याबरोबर आहार कमी करत शांतपणे देह सोडायचा. श्वेतांबर समाजात हिलाच संथारा म्हणतात. राजस्थान उच्च न्यायालयात 2006 साली ह्या व्रताविरुद्ध याचिका दाखल झाली आणि 10 ऑगस्ट 2015 रोजी निकाल लागला. संथारा ही धर्माची आवश्यक बाब असल्याचं सिद्ध झालेलं नाही, ती आत्महत्या समजावी, आणि भारतीय दंड संहितेच्या 309 व 306 कलमांप्रमाणे गुन्हे नोंदवावेत, असा तो निकाल होता. 309 हे आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम होतं. 306 हे आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. प्रवृत्त करणारा म्हणजे कोण? जवळ बसून णमोकार म्हणणारी सून, पाय चेपणारी लेक, ओल्या फडक्याने अंग पुसणारी नात. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला आणि सेवा करणारी आरोपी ठरण्याची वेळ आली. 24 ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा कुठे समाजाच्या जिवात जीव आला.

मोर्च्याचं महत्त्व मला मान्य आहे. पण मोर्चा निघेपर्यंत आपल्यातल्या किती जणींना हे नीट सांगता आलं असतं, की हा शब्द तो शब्द नाही?

इंग्रजीतला 'सुसाइड' हा लॅटिनवरून आलेला शब्द आहे, त्याचा अर्थच स्वतःला मारणं. आपली 'आत्महत्या' तशीच. त्या शब्दात मरणाची इच्छा आहे, घाई आहे आणि मारणं आहे. आता सल्लेखनेचे पाच अतिचार आठवा. जगण्याची आशा धरणं हा दोष, आणि मरण लवकर यावं अशी इच्छा करणं हाही दोष. मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखाची आठवण आणि पुढच्या जन्मी काही मिळावं ही इच्छा, हे उरलेले तीन. म्हणजे ज्या इच्छेवर 'सुसाइड' हा शब्द उभा आहे तीच इच्छा आपल्याकडे व्रताला डाग लावते.

आणि ही शंका न्यायालयानेच पहिल्यांदा काढली असंही नाही. तत्त्वार्थसूत्रावर 'सर्वार्थसिद्धी' ही टीका लिहिणाऱ्या पूज्यपाद आचार्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी स्वतःच हा प्रश्न उभा केला, की हा आत्मवध होत नाही का? आणि उत्तर दिलं, की हिंसेला राग, द्वेष, प्रमाद लागतो. विष घेणारा, शस्त्र चालवणारा माणूस त्या आवेगात असतो, सल्लेखना करणाऱ्याच्या मनात तो नसतो. त्यांनी व्यापाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. कोठाराला आग लागली तर व्यापारी आधी कोठार वाचवायला धावतो, कारण कोठार जळावं असं त्याला मुळीच वाटत नसतं. ते वाचत नाही असं दिसलं की आतला मौल्यवान माल तरी बाहेर काढतो. देह हे कोठार, व्रत-शील हा माल. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द होते, त्यांतला फरक लिहून ठेवलेला होता. इंग्रजीत जाताना दोन्ही एकाच खणात पडले.

आता विरुद्ध बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. ज्यांना हे व्रत बंद व्हावं असं वाटतं त्यांची एक काळजी अशी, की म्हाताऱ्या माणसावर घरच्यांचा दबाव आला तर? घराण्याच्या नावासाठी, किंवा सेवा नको म्हणून कुणी त्याला तिकडे ढकललं तर? ही काळजी मला खोटी वाटत नाही. बायकांच्या बाबतीत तर नाहीच. घरात कुणाच्या शब्दाला किती वजन असतं ते आपल्याला माहीत आहे. पण ह्याचंही उत्तर एका शब्दाच्या अर्थात आहे. उमास्वामींनी सल्लेखनेच्या सूत्रात 'जोषिता' असा शब्द ठेवला. नुसतं 'सेवन करणारा' एवढंच म्हणायचं असतं तर 'सेविता' म्हणता आलं असतं. पूज्यपाद सांगतात की 'जोषिता' म्हणजे प्रीतीने, आवडीने करणारा. मनात ती प्रीती नसेल तर जबरदस्तीने सल्लेखना करवता येत नाही. एक शब्द निवडून त्यांनी दबावाची वाट बंद केली. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रसंगही मर्यादित सांगितले आहेत. ज्यावर उपाय उरला नाही असा उपसर्ग, दुष्काळ, जरा किंवा रोग. त्यात 'उपाय उरला नाही' हे महत्त्वाचं.

म्हणूनच आपल्या बाजूनेही हा शब्द सैल वापरता कामा नये. दवाखान्यात शुद्ध हरपलेल्या माणसाचं अन्न तुटलं आणि तो गेला, तर ते मरण दुःखाचं आहे, पण पत्रिकेत 'सल्लेखनापूर्वक समाधिमरण' छापू नये. आणि घरातली एखादी बाई, तरुण असो की म्हातारी, रडत 'मला आता जगायचं नाही' म्हणत जेवण सोडत असेल, तर ते व्रत नाही, आजार आहे. तिला जवळ घ्यावं आणि लगेच डॉक्टरकडे न्यावं. आपण मराठवाड्यातल्या बायका. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी किती वेळा वाचतो! पाऊस नाही, कर्ज फिटत नाही, सगळी दारं बंद झालेली. त्या माणसाला जगायचं होतं. त्याच्या मरणाला आणि कुंथलगिरीवरच्या मरणाला एकच शब्द लावला तर दोघांवरही अन्याय होतो. एकाची निराशा झाकली जाते, दुसऱ्याची साधना.

कुंथलगिरी आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिलेली आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 च्या ऑगस्टमध्ये तिथे सल्लेखना घेतली आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. डोळ्यांची दृष्टी जात चालली होती. जीव पाहून चालणं, आहार शोधून घेणं, ही मुनींची व्रतं नीट पाळता येईनात, म्हणून हा निर्णय. त्या काळातला त्यांचा शेवटचा उपदेश मराठीत आहे, ध्वनिमुद्रित करून ठेवलेला. तो मुलांना एकदा ऐकवा. बोलणारा माणूस जगाला वैतागलेला आहे का, हे त्यांचं त्यांना आवाजावरून कळेल.

काही जणी म्हणतील, इंग्रजीत समजावून सांगायला आम्हाला कुठे इंग्रजी येतं? त्याची गरज नाही. तुम्ही अर्थ मराठीत पक्का सांगा, त्याचं इंग्रजी लेकरं करतील. ती त्यात आपल्यापेक्षा हुशार आहेत. त्यांच्याकडे नसतो तो अर्थ. आणि इंग्रजीलाही मी नावं ठेवत नाही. आपल्यातली मोठमोठी शास्त्रं आज हजारो तरुण इंग्रजीतच वाचतात, न वाचण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मी पाठशाळेतल्या मुलांना एक पद्धत लावून दिली आहे. आधी आपला शब्द नीट उच्चारायचा. मग तो काय नाही ते सांगायचं. मग तो काय आहे ते घरातलं उदाहरण देऊन सांगायचं. निर्जरेचं बघा. "निर्जरा म्हणजे नुसतं उपाशी राहणं नाही. नावेला भोक पडून पाणी आत येतं तो आस्रव, भोक बुजवलं तो संवर, आणि आत साठलेलं पाणी उपसून टाकलं ती निर्जरा." सहावीतली मुलगी हे इंग्रजीत घडाघडा सांगते, वर्गातल्या सगळ्यांना कळतं, आणि 'निर्जरा' हा शब्दही त्यांच्या कानावर पडतो.

सल्लेखनेसाठी ही चार वाक्यं सुनेला, लेकीला, नातवंडांना पाठ करून द्या. "सल्लेखना म्हणजे आत्महत्या नाही, कारण तिच्यात मरणाची इच्छा करणं हाच दोष मानला आहे. देह धर्म पाळण्याच्या स्थितीत राहिला नाही आणि उपाय उरला नाही, तेव्हाच ती घेतात. गुरूच्या आज्ञेने, स्वतःच्या खुशीने, सगळ्यांना क्षमा करून आणि क्षमा मागून घेतात. दुसरं कुणीही ती कुणावर लादू शकत नाही."

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण सुमारे 14 लाख होतो, देशात सर्वांत जास्त, तरी राज्याच्या लोकसंख्येत शंभरात सव्वासुद्धा नाही. म्हणजे आपल्या आजूबाजूचे बहुतेक लोक आपल्याला आपल्या तोंडून ऐकलेल्या चार शब्दांवरून ओळखणार. ह्या दशलक्षणात रोज एका धर्माबरोबर एक शब्द घ्या. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा, आणि तिचा अर्थ 'सॉरी' हा शब्द न वापरता लेकरांकडून इंग्रजीत सांगून घ्या. काय सांगितलं ते मलाही कळवा, पाठशाळेच्या वहीत लिहून ठेवीन.

जय जिनेंद्र.